मेल आयडी जपायचा कसा: नव्याने मेल वापरणाऱ्यांसाठी काही पायऱ्या

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत ७२ फ्लॅट आहेत. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, म्हणून तीन वर्षांपूर्वी सचिव या नात्याने मी ऑगस्टअखेर सभेच्या नोटिशीचा मेल पाठवला. सगळ्यांचे पत्ते ‘टू’च्या रकान्यात ओळीने टाकले आणि बटण दाबलं. त्यामुळे प्रत्येकाला बाकी सगळ्यांचे पत्ते दिसले. दसऱ्याच्या सुमारास बी विंगमधले एक काका माझ्याकडे आले. त्यांच्या मुलाने त्यांना फक्त सोसायटीच्या कामासाठी नवा मेल आयडी काढून दिला होता. आयडीही असा, की अंदाजाने कोणाला सापडू नये: गावाचं नाव, फ्लॅट नंबर आणि नातीचं लाडाचं नाव. तो त्यांनी माझ्याशिवाय कोणालाही दिला नव्हता. त्यावर आता मॉड्युलर किचन, तारण कर्ज, कुठल्याशा लॉटरीचं बक्षीस असे रोज पंधरा-वीस मेल येत होते. “हा बाहेर गेला कसा, एवढंच मला सांग,” काका म्हणाले.

मला सांगता आलं नाही. ७२ जणांपैकी कोणी ती यादी एखाद्या व्यावसायिकाच्या हातात दिली, की कोणाच्या संगणकातल्या व्हायरसने उचलली, हे आजही कळलेलं नाही. गेली ती माझ्या त्या एका मेलमधून, एवढं नक्की.

तेव्हापासून मी हा विषय नीट समजून घ्यायला लागलो. आता महिन्याच्या पहिल्या रविवारी क्लब हाउसमध्ये आम्ही सात-आठ जण बसतो. बहुतेक ज्येष्ठ नागरिक, कधी एखादा नुकताच गावाहून शिकायला आलेला मुलगा. तिथे जे सांगतो ते इथे लिहून ठेवतो आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनात पक्की करा. बाहेर गेलेला पत्ता परत आणता येत नाही. पासवर्ड दोन मिनिटांत बदलतो. मेल आयडी मात्र बँक, डीमॅट, आयकर, मुलांची शाळा, गॅस, वीज असा दहा ठिकाणी जोडलेला असतो. तो बदलायचा म्हणजे घर बदलण्याइतका व्याप. म्हणून एकच पत्ता घेऊन तो लपवत बसण्यात अर्थ नाही. पत्त्यांची वाटणी करायची, म्हणजे एखादा फुटला तरी नुकसान तेवढ्यावरच थांबतं.

आधी हे पाहू, की पत्ते गोळा होतात कसे

इतिहासातला पहिला स्पॅम मेल, म्हणजे न मागता घाऊकपणे पाठवलेला जाहिरातीचा मेल, ३ मे १९७८ चा मानला जातो. अमेरिकेतल्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक कंपनीचे गॅरी थर्क यांनी अर्पानेट या इंटरनेटच्या आधीच्या नेटवर्कवरच्या सुमारे ४०० जणांना आपल्या नव्या संगणकांचं प्रात्यक्षिक पाहायला बोलावलं. त्यासाठी पत्ते चोरावे लागले नाहीत. अर्पानेट वापरणाऱ्यांची छापील डिरेक्टरी होती, तिच्यातून ते टाइप करून घेतले. आजही बहुतेक वेळा हेच होतं: यादी कुठेतरी उघडी पडलेली असते. टाइप करणाऱ्या माणसाची जागा प्रोग्रॅमने घेतली आहे.

हा प्रोग्रॅम वेबसाइटमागून वेबसाइट वाचत जातो. मजकूर काय आहे याच्याशी त्याचा संबंध नसतो. @ हे चिन्ह, त्याच्या दोन्ही बाजूंना सलग अक्षरं आणि पुढे एक टिंब, एवढा आकार दिसला की तो तेवढा तुकडा उचलून यादीत टाकतो. पीडीएफ आणि एक्सेलच्या फायलीही तो उघडतो. आता आपल्या शहरात हा आकार कुठे कुठे पडलेला असतो ते आठवा. गणेश मंडळाच्या स्मरणिकेची पीडीएफ, त्यात कार्यकारिणीची नावं, मोबाइल आणि मेल. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याची यादी. वधू-वर सूचक केंद्राची पुस्तिका. ट्रेकला येणाऱ्यांची नावं भरलेली शीट, जिची लिंक कोणीतरी सोयीसाठी जाहीर पानावर टाकली. यातला एकही माणूस वाईट हेतूने वागलेला नसतो.

दुसरी पद्धत अंदाजाची. एखाद्या पोस्टमनने सदाशिव पेठेतल्या वाड्यात शिरून प्रत्येक दारावर ‘अमोल जोशी इथेच राहतात का?’ असं विचारत फिरावं, तसं हे काम चालतं. नेहमीची नावं, आडनावं, त्यांच्यापुढे जन्मसाल किंवा १२३, अशा लाखो जोड्या तयार करून संगणक एकेका पत्त्यावर मेल टाकून पाहतो. पत्ता अस्तित्वात नसेल, तर समोरचा सर्व्हर, म्हणजे मेल सांभाळणारा संगणक, ‘असा कोणी इथे नाही’ असं कळवतो. असं उत्तर आलं नाही, त्या पत्त्यावर शिक्का बसतो: हे दार खरं आहे. मोठ्या मेल सेवा अशा टकटकीला लगाम घालतात, लहान संस्थांच्या सर्व्हरवर ती जास्त चालते. कोणालाही न दिलेल्या साध्यासोप्या पत्त्यावर स्पॅम येतो, त्याचं कारण अनेकदा हे असतं.

तिसरी वाट डेटा चोरीची, आणि इथे आपला काहीच दोष नसतो. लिंक्डइनवर २०१२ मध्ये चोरी झाली आणि २०१६ मध्ये त्यातले १६ कोटींहून अधिक पत्ते विक्रीला आले. बिग बास्केटच्या सुमारे दोन कोटी ग्राहकांची माहिती फुटल्याचं २०२० च्या नोव्हेंबरमध्ये समोर आलं. एअर इंडियाने २०२१ च्या मे महिन्यात जाहीर केलं, की जगभरातल्या सुमारे ४५ लाख प्रवाशांचे तपशील बाहेर गेले आहेत. अशा याद्या एकदा बाजारात आल्या की वर्षानुवर्षं फिरत राहतात, एकमेकींत मिसळतात, पुन्हा विकल्या जातात. तुमच्या नावाने, तुम्ही खरंच कधीकाळी घेतलेल्या वस्तूचा उल्लेख करून मेल आला, तर घाबरू नका आणि विश्वासही ठेवू नका. ती माहिती बहुधा अशा यादीतली असते.

चौथी वाट तुमच्या ओळखीच्या माणसाच्या फोनमधून जाते. त्याने एखादा खेळ किंवा फोटो सुंदर करणारं ॲप घेतलं, ‘कॉन्टॅक्ट्स पाहू का?’ या प्रश्नाला हो म्हटलं, आणि त्याच्या यादीतले तुम्ही तिकडे पोचलात. तुम्ही कितीही काळजी घेतलीत तरी या वाटेवर तुमचा ताबा नाही. त्याचा ताबा मात्र आहे, आणि त्याच्या यादीसाठी जसा तो, तसे तुमच्या यादीसाठी तुम्ही. याकडे पुढे येतो.

आणि पाचवी, माझ्या पाहण्यात सगळ्यात रुंद वाट: आपण स्वतःहून दिलेले पत्ते. शिवाजीनगरला कृषी महाविद्यालयाच्या मैदानावर प्रदर्शन असतं, तिथे कुठल्यातरी स्टॉलवर लकी ड्रॉची पेटी असते. नाव, मोबाइल, मेल, उत्पन्नाचा गट. बाणेर-वाकडला सॅम्पल फ्लॅट नुसता बघायला गेलात, तरी आत सोडण्याआधी फॉर्म भरून घेतात, आणि मग बिल्डरचे चॅनेल पार्टनर म्हणवणारे एजंट एकामागून एक लिहू लागतात. जिमचा मोफत आठवडा, मॉलमधलं फिरतं चाक, ‘बिल मेलवर पाठवतो’ म्हणणारा काउंटर. मी लकी ड्रॉच्या पेटीत चिठ्ठी टाकणं कायमचं बंद केलं आहे आणि तुम्हीही करावं असं मला मनापासून वाटतं. बिलाच्या काउंटरवर ‘मेल नाही, कागदी बिल द्या’ एवढं म्हटलं की पुरतं. दुकानदार अडवत नाही.

नोकरी शोधणाऱ्या मुलांसाठी इथेच एक वेगळी सूचना. रेझ्युमेवर मेल, मोबाइल, जन्मतारीख, घरचा पत्ता सगळं असतं, आणि तो सगळ्यांना दिसेल असा ठेवला की ही एक चिठ्ठी शंभर कुपनांच्या तोडीची होते. रेझ्युमे नोकरीच्या साइटवर टाकताना ‘कोणाला दिसेल’ हे सेटिंग शोधा आणि जाहीर ठेवू नका. त्यावरून पूर्ण पत्ता आणि जन्मतारीख काढून टाका. मुलाखतीला बोलावणाऱ्याला ‘पुणे’ एवढं पुरतं. हिंजवडीच्या मोठ्या कंपनीच्या नावाने निवडपत्र आलं आणि त्यात नोंदणीसाठी किंवा लॅपटॉपसाठी अनामत रक्कम मागितली असेल, तर ते पत्र खोटं समजा.

पायरी १: तीन पत्ते करा

पहिला पत्ता तिजोरीचा. बँक, आयकर, भविष्य निर्वाह निधी, डीमॅट, विमा, आधार. हा पत्ता माणसांना सांगायचा नाही, व्हिजिटिंग कार्डावर छापायचा नाही, व्हॉट्सॲपवर टाकायचा नाही. यात एक मोठा फायदा दडलेला आहे: ‘तुमचं बँक खातं आज बंद होणार’ असा मेल दुसऱ्या कुठल्या पत्त्यावर आला, तर तो वाचण्याआधीच कळतं की खोटा आहे. बँकेला तो पत्ता माहीतच नाही. रविवारच्या बैठकीत ही गोष्ट समजली की लोकांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मी पाहिला आहे.

दुसरा माणसांचा. नातेवाईक, मित्र, सोसायटी, ऑफिस, शाळेचा ग्रुप.

तिसरा बाजाराचा. खरेदीच्या साइट, तिकिटं, सवलती, कुठलाही फॉर्म. याच्या सूचना फोनवर बंद ठेवा. काही मागवलं असेल तेव्हाच उघडायचा.

तीनपेक्षा जास्त करू नका. मी पाच करून पाहिले होते. कुठे कोणता दिला हेच लक्षात राहीना.

फोनवर जीमेल असेल, तर वर उजवीकडच्या आपल्या गोल फोटोवर बोट ठेवा, ‘ॲड अनदर अकाउंट’ निवडा, मग गूगल, मग ‘क्रिएट अकाउंट’. तिन्ही पत्ते एकाच ॲपमध्ये दिसतात, बोटाने बदलता येतात. तिजोरीच्या पत्त्यात नाव-आडनाव आणि जन्मसाल घालू नका. अंदाजाची पद्धत वर सांगितली आहे, तिला तोंड द्यायचं तर पत्त्यात एखादा अनपेक्षित शब्द हवा. आजोळच्या नदीचं नाव आणि एखाद्या भाजीचं नाव एकत्र केलं तर तुम्हाला लक्षात राहील आणि यंत्राला सुचणार नाही. तिन्हींचे पासवर्ड वेगवेगळे ठेवा. ज्यांना पाठ होत नाहीत त्यांनी ते वहीत लिहून वही कपाटात ठेवावी. सगळीकडे एकच पासवर्ड वापरण्यापेक्षा हे कितीतरी सुरक्षित आहे. टू-स्टेप व्हेरिफिकेशनही, म्हणजे पासवर्डशिवाय फोनवरून आणखी एक खात्री मागणारी सोय, चालू करा, निदान तिजोरीच्या पत्त्याला तरी.

आता बँकेकडचा पत्ता बदला. हे नेट बँकिंगमध्ये शिरून, बँकेच्या ॲपवरून किंवा शाखेत जाऊन करा. ‘केवायसी अपडेट करा’ म्हणून आलेल्या लिंकवरून कधीही करू नका. एका बैठकीत एक जागा, अशा गतीने गेलात तर महिन्याभरात काम होतं. घाईत सगळं एका दिवशी करू पाहणारे मधेच सोडून देतात, असा माझा अनुभव आहे.

गूगलचा एक नियम इथे लक्षात ठेवायला हवा. दोन वर्षं न वापरलेलं खातं गूगल बंद करू शकतं. म्हणून तिजोरीचा पत्ता महिन्यातून एकदा तरी उघडत जा.

पायरी २: बाजाराच्या पत्त्याला खुणेची शेपटी लावा

जीमेलची एक सोय फार कमी लोकांना माहीत असते. तुमच्या नावापुढे बेरजेचं चिन्ह लावून काहीही लिहिलं, तरी मेल तुमच्याकडेच येतो. म्हणजे पत्ता ‘नाव@जीमेल.कॉम’ असेल, तर चपलांच्या साइटवर ‘नाव+चप्पल@जीमेल.कॉम’ द्यायचा, नाटकाच्या तिकिटांसाठी ‘नाव+नाटक@जीमेल.कॉम’. प्रत्यक्षात हे अर्थात इंग्रजी अक्षरांत लिहायचं. वेगळं खातं काढावं लागत नाही. सहा महिन्यांनी कर्जाच्या जाहिराती ‘चप्पल’ शेपटीच्या पत्त्यावर येऊ लागल्या, तर पत्ता कुठून गेला ते कळतं. बी विंगच्या काकांच्या त्या नव्या आयडीने नकळत हेच काम केलं होतं.

नंतर त्या शेपटीसाठी फिल्टर, म्हणजे मेल आपोआप बाजूला काढणारा नियम, लावायचा. संगणकावर जीमेल उघडा, वरच्या शोधपट्टीच्या उजव्या टोकाच्या खुणेवर क्लिक करा, ‘टू’मध्ये तो शेपटीचा पत्ता लिहा, ‘क्रिएट फिल्टर’ आणि मग ‘डिलीट इट’. त्या दाराने येणारं सगळं थांबतं.

दोन उणिवाही सांगतो. काही फॉर्म बेरजेचं चिन्ह घेत नाहीत. आणि हुशार स्पॅमवाला शेपटी छाटून मूळ पत्ता काढू शकतो, म्हणून शेपटी फक्त बाजाराच्या पत्त्यालाच लावायची, तिजोरीच्या नाही.

शेपटी छाटता येऊ नये असं वाटत असेल, तर मुखवट्याचा पत्ता वापरा. आयफोनवर पैसे भरून आयक्लाउड प्लस घेतलं असेल तर ‘हाइड माय ईमेल’ मिळतं. फायरफॉक्स रिले पाच मुखवटे फुकट देतं. दर ठिकाणी वेगळा, निरर्थक दिसणारा पत्ता तयार होतो, त्यावरचे मेल तुमच्याकडे वळवले जातात, आणि त्रास होऊ लागला की तो मुखवटा बंद करता येतो. दहा मिनिटांत नाहीसे होणारे तात्पुरते पत्तेही मिळतात. एखादी पुस्तिका डाउनलोड करण्यापुरते ते ठीक, पण जिथे पुन्हा लॉगिन करायचं आहे किंवा पैसे अडकले आहेत तिथे ते मुळीच वापरू नका. पासवर्ड विसरलात तर परतीची वाटच राहत नाही.

पायरी ३: जे आधीच गेलं आहे ते तपासा

‘हॅव आय बीन पोन्ड’ नावाची एक मोफत साइट आहे. ऑस्ट्रेलियातले सुरक्षा तज्ज्ञ ट्रॉय हंट यांनी ती २०१३ मध्ये सुरू केली. तिथे आपला मेल आयडी टाकला की तो कोणकोणत्या जाहीर झालेल्या चोऱ्यांमध्ये सापडला आहे ते दिसतं. नावाचं इंग्रजी स्पेलिंग फसवं आहे, शेवटच्या शब्दात पी नंतर डब्ल्यू येतो; एखाद्या जाणत्या मुलाला शेजारी बसवून पहिल्यांदा उघडा. ती साइट पत्त्यासोबत पासवर्ड मागत नाही. ‘आधी मेलचा पासवर्ड टाका’ म्हणणारी साइट उघडली असेल, तर तुम्ही चुकीच्या ठिकाणी आहात.

जुना पत्ता दोन-तीन ठिकाणी लाल दिसेल. पंधरा वर्षं वापरलेला पत्ता बहुधा दिसतोच, मनाला लावून घेऊ नका. त्या साइटवरचा पासवर्ड बदला, आणि तोच पासवर्ड जिथे जिथे वापरला असेल तिथेही बदला.

पायरी ४: तुम्ही जिवंत आहात हे कळू देऊ नका

स्पॅम पाठवणाऱ्याच्या यादीत निम्मे पत्ते मृत असू शकतात. कोणता पत्ता खरोखर कोणी उघडतो, हे त्याला कळलं की त्या पत्त्याची किंमत वाढते. ते कळतं एका चित्रातून. मेलमध्ये एका ठिपक्याएवढं, डोळ्याला न दिसणारं चित्र ठेवलेलं असतं, आणि प्रत्येक पत्त्यासाठी त्याचा दुवा वेगळा. तुम्ही मेल उघडलात, चित्र त्यांच्या सर्व्हरवरून मागवलं गेलं, की तिकडे नोंद होते: अमुक पत्ता, अमुक वेळ.

उपाय सोपा आहे. जीमेलच्या सेटिंगमध्ये ‘इमेजेस’ शोधा आणि ‘आस्क बिफोर डिस्प्लेइंग एक्सटर्नल इमेजेस’ निवडा. आयफोनच्या मेल ॲपमध्ये ‘प्रोटेक्ट मेल ॲक्टिव्हिटी’ चालू करा. मेल जरा रुक्ष दिसतील. ओळखीच्याने पाठवलेले फोटो पाहायचे असतील तेव्हा तेवढ्यापुरतं ‘डिस्प्ले’ दाबायचं.

‘अनसबस्क्राइब’बद्दल हमखास प्रश्न येतो. ज्या कंपनीकडून तुम्ही खरंच काही घेतलं आहे, तिच्या जाहिराती थांबवायला ते जरूर दाबा. पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी जीमेल स्वतः ते बटण दाखवत असेल तर तेच वापरा; मोठ्या संख्येने जाहिरातींचे मेल पाठवणाऱ्यांना एका क्लिकवर बाहेर पडण्याची सोय देणं गूगल आणि याहूने २०२४ पासून बंधनकारक केलं आहे. पाठवणारा अनोळखी असेल, तर मेलच्या तळाशी असलेली ‘इथे दाबा’ लिंक दाबू नका. ‘मी हे वाचतो’ असा निरोप तिच्यातून जातो, कधी थेट खोट्या पानावर नेलं जातं. अशा मेलला ‘रिपोर्ट स्पॅम’ करा. उत्तर तर कधीच देऊ नका, रागाचं सुद्धा. आमच्याकडे एका काकूंनी ‘मला पुन्हा लिहू नका’ असं नम्रपणे कळवलं, आणि पुढच्या आठवड्यापासून मेल दुप्पट झाले.

स्पॅमच्या फोल्डरमध्ये आठवड्यातून एकदा डोकावत जा. जीमेल तिथले मेल ३० दिवसांनी कायमचे पुसतं, आणि एखाद्या लॅबचा रिपोर्ट किंवा विम्याचं पत्र चुकून तिथे गेलेलं असू शकतं.

पायरी ५: फोनमधली परवानगी काढून घ्या

अँड्रॉइडवर सेटिंगमध्ये ‘प्रायव्हसी’, तिथे ‘परमिशन मॅनेजर’, मग ‘कॉन्टॅक्ट्स’. आयफोनवर ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ आणि ‘कॉन्टॅक्ट्स’. यादीतलं प्रत्येक ॲप पाहा आणि विचारा: याला माझ्या नातेवाइकांचे पत्ते कशाला हवेत? टॉर्च, कॅलेंडर, रमीसारखा खेळ यांना नकोत. काढून टाका.

पायरी ६: दुसऱ्यांचे पत्ते

टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये गेलेल्यांना कार्बन पेपर आठवत असेल. मेलमधला ‘सीसी’ म्हणजे तीच कार्बन कॉपी, आणि ‘बीसीसी’ म्हणजे कोणाला न दिसणारी कार्बन कॉपी. दहापेक्षा जास्त लोकांना मेल करताना ‘टू’मध्ये स्वतःचा पत्ता लिहा आणि बाकी सगळे ‘बीसीसी’त टाका. प्रत्येकाला मेल मिळतो, कोणालाही दुसऱ्याचा पत्ता दिसत नाही. मी ऑगस्टमध्ये एवढं केलं असतं, तर काकांचा आयडी आजही स्वच्छ असता. आम्ही सोसायटीत तेव्हापासून ठराव करून हे बंधनकारक केलं आहे, आणि नोटीस बोर्डावर लावायच्या यादीत फ्लॅट नंबर आणि नाव एवढंच ठेवतो.

फॉरवर्डमध्येही हीच जपणूक हवी. आलेला सुविचार किंवा आरोग्याचा सल्ला पुढे पाठवताना खाली आधीच्या सगळ्यांचे पत्ते साखळीने चिकटलेले असतात. पाठवण्याआधी तो भाग पुसा. पाच सेकंद लागतात.

मंडळाची स्मरणिका, संस्थेचं पत्रक, व्याख्यानमालेची माहिती ऑनलाइन टाकणार असाल, तर व्यक्तीचा खासगी पत्ता देऊ नका. संस्थेच्या नावाचा एक वेगळा पत्ता काढा आणि तो द्या. पदाधिकारी बदलले तरी तो चालू राहतो. काही जण @ ऐवजी ‘ॲट’ आणि टिंबाऐवजी ‘डॉट’ असं अक्षरी लिहितात. अगदी साधे प्रोग्रॅम त्याने चकतात, थोडे बरे लिहिलेले ते सहज उलगडतात. पत्त्याचं चित्र टाकण्याचा उपाय मला पटत नाही: चित्रातलीही अक्षरं यंत्र वाचतं, आणि दृष्टिहीन वाचकाला मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला मात्र तिथे काहीच सापडत नाही. जमलं तर संपर्काचा फॉर्म ठेवा, त्यात पत्ता दिसतच नाही.

धमकीचा मेल आला तर

ही पायरी नाही, पण हे न सांगता थांबणं मला बरोबर वाटत नाही. एके दिवशी तुमच्याच पत्त्यावरून तुम्हाला मेल येईल. ‘तुमचा संगणक माझ्या ताब्यात आहे, कॅमेऱ्यातून तुमचं चित्रण केलं आहे, बिटकॉइनमध्ये पैसे भरा.’ पुरावा म्हणून तुमचा खराखुरा जुना पासवर्डही लिहिलेला असेल. २०१८ पासून अशा मेलची लाट येत-जात असते. वाचणाऱ्याची झोप उडते, आणि लाजेने तो घरात कोणाला सांगत नाही.

लिफाफ्यावर पाठवणाऱ्याचं नाव कोणीही काहीही लिहू शकतो, तसंच मेलमध्येही करता येतं. तुमच्या पत्त्यावरून आलेला दिसतो म्हणून तुमचं खातं फोडलं असं होत नाही. पासवर्ड आला तो वर सांगितलेल्या एखाद्या चोरीच्या यादीतून. चित्रण वगैरे काही नसतं. हाच मजकूर लाखो लोकांना गेलेला असतो. तो पासवर्ड अजून कुठे वापरात असेल तर बदला, मेल स्पॅममध्ये टाका, पैसे भरू नका, आणि घरच्यांना सांगा. पैसे गेलेच असतील, तर लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर मदतवाहिनीला फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे वाटेत अडवण्याची शक्यता जास्त. तक्रार ‘सायबरक्राइम.गव्ह.इन’ या सरकारी पोर्टलवरही नोंदवता येते.

कायद्याचा आधार किती

फोन आणि एसएमएसच्या जाहिराती थांबवायला १९०९ वर ‘डीएनडी’ची नोंद करता येते, ईमेलला ती लागू नाही. नुसत्या स्पॅम मेलसाठी भारतात वेगळा कायदा नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. कशासाठी माहिती घेतो हे सांगून संमती घेणं, आणि संमती काढून घेतल्यावर ती माहिती पुसणं, ही त्यातली आपल्या कामाची कलमं. पण याच कायद्याच्या कलम ३ मध्ये असंही आहे, की तुम्ही स्वतः जाहीर केलेल्या माहितीला तो लागू होत नाही. तुमचा पत्ता तुम्हीच उघड्यावर ठेवला असेल, तर कायद्याचं हे छत्र तिथे पोचत नाही.

जुन्या पत्त्याचं काय करायचं

टाकून देऊ नका, बंदही करू नका. कुठल्या विसरलेल्या विमा पॉलिसीला किंवा मुदत ठेवीला तो जोडलेला आहे हे वर्षभर तरी कळत राहतं. त्याला बाजाराचा पत्ता करा. येणाऱ्या प्रत्येक महत्त्वाच्या मेलच्या वेळी तिथे नवा पत्ता कळवा. बी विंगच्या काकांनी तसंच केलं. गेल्या दिवाळीत त्यांच्या, सोसायटीसाठीच्या आयडीच्याही आधीच्या, जुन्या पत्त्यावर एका कंपनीचं लाभांशाचं पत्र आलं, जिचे शेअर त्यांच्या वडिलांच्या काळापासूनचे होते आणि घरात कोणाला आठवतही नव्हते. पत्र स्पॅमच्या फोल्डरमध्ये गेलं होतं. रविवारी तो फोल्डर उघडून पाहायची त्यांना सवय होती म्हणून सापडलं.